चाळिशी उतरवावी का?

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात आणि दोन्ही गोष्टी आपल्याला नकोशा. चाळिशी म्हणजे वय, आणि चाळिशी म्हणजे ते वय नाकावर आणून बसवणारा चष्मा! आधी आपण तांदूळ निवडायला खिडकीपाशी जाऊन बसतो. मग औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला हात लांब धरतो. मग सुईत दोरा ओवायला घरातल्या पोरांना हाका मारतो. हात लांब करता करता एक दिवस हातच आखूड पडतो, आणि आपण निमूटपणे चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो.

आपल्या आयांच्या वेळी गोष्ट इथंच संपत होती. आता तसं राहिलेलं नाही. मोबाइल उघडावा तर ‘चष्म्याला कायमचा रामराम’ म्हणून जाहिरात दिसते. भिशीत कुणीतरी सांगतं, माझ्या नणंदेनं ऑपरेशन केलं, आता बिनचष्म्याची वाचते. दुसरी म्हणते, माझ्या मावशीनं केलं आणि रात्रीचं बाहेर पडायला घाबरते. दोघीही खरंच सांगत असतात. मग आपण समजायचं काय?

हा प्रश्न माझ्यापुढे गेल्या वर्षी उभा राहिला. मी साताऱ्याला सत्तावीस वर्षं ब्लाउज शिवते. वय त्रेपन्न. दोन शिलाई मशिनं, हाताखाली एक मुलगी, आणि लग्नसराईत मोती-टिकल्यांचं हातकाम. घरखर्चातला मोठा वाटा माझ्या सुईतून येतो, तेव्हा डोळे हे माझं भांडवलच म्हणा ना. चष्मा होता, पण मान खाली घातली की घसरायचा, घामानं वाफ धरायची. शिवाय खरं सांगू? गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आरशात पाहिला की जीव खट्टू व्हायचा. हात अजून वीस वर्षं चालतील असे, आणि डोळे मात्र म्हातारे!

नंबर तपासायला पुण्याला एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. तिथं तपासणी झाल्यावर एका हसतमुख मुलीनं कागद पुढे ठेवला. दोन्ही डोळ्यांची नैसर्गिक भिंगं काढून नवी बसवायची, जवळचा चष्मा जाईल, हप्त्यांचीही सोय आहे. मी म्हटलं, “मला मोतीबिंदू आहे का?” ती म्हणाली, “नाही मावशी, पण पुढे व्हायचाच आहे की!” मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. पुढचे चार महिने दोन निरनिराळ्या नेत्रतज्ज्ञांना विचारलं, ऑपरेशन झालेल्या बायकांशी बोलले, जे वाचायला मिळालं ते वाचलं. मी काही डॉक्टर नव्हे. पण चार ठिकाणी विचारून जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे मांडते.

आधी डोळ्यात होतं काय ते पाहू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. लहानपणी ते मऊ असतं. लांबचं पाहताना ते चपटं राहतं, जवळचं पाहताना भोवतीचा बारीक स्नायू आवळतो, भिंगाला धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५५ साली हे सांगितलं. म्हणून तर दहा वर्षांचं पोर पुस्तक नाकाला टेकवूनही वाचू शकतं. पण या भिंगाची वाढ जन्मभर चालू असते. कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे चढतात, आतले दाबले जातात आणि भिंग निबर होतं. सकाळी मळलेली कणीक झाकायची राहिली तर दुपारी कशी घट्ट होते, तसंच. मग स्नायूनं कितीही खुणावलं तरी भिंग वाकत नाही. साठीच्या आसपास ही लवचीकता जवळजवळ संपते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, डोळ्यांचे व्यायाम करून चाळिशी जात नाही, कारण दुखणं स्नायूच्या अशक्तपणाचं नाही. दुसरी, चष्मा लावल्यामुळे नंबर वाढतो हा आपला जुना समज खरा नव्हे. चष्मा लावा की न लावा, भिंग आपल्या गतीनं घट्ट होतच जातं, आणि साठीच्या पुढे नंबर बहुधा एका जागी थांबतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मी भेटले त्या दोन्ही डॉक्टरांनी एक सांगितलं, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आज जी ऑपरेशनं होतात, त्यांतलं एकही आपल्याला विशीतलं मऊ भिंग परत देत नाही. ती फक्त आहे त्या नजरेची वाटणी नव्यानं करतात. मला शिवणकामातलं लगेच आठवलं. ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटरचा. बाह्या लांब हव्यात तर दुसरीकडे कुठंतरी जोड द्यावा लागतो. कापड तेवढंच असतं, बेतायचं कसं ते आपण ठरवायचं. म्हणून ‘चष्मा जाईल का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘चष्म्याच्या बदल्यात काय द्यावं लागेल, आणि ते मला परवडेल का?’ हेही विचारावं लागतं. आणि परवडण्यात पैसा शेवटी येतो बरं का!

पहिला बेत लेझरचा. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, लेझरनं नवा आकार देतात. यात बहुतेक वेळा एक डोळा लांबच्यासाठी ठेवतात आणि दुसरा जवळच्यासाठी बेततात. मेंदू ज्या वेळी जो डोळा कामाचा, त्याचं ऐकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण पुष्कळांना ते जमतं. जमलं तर पर्समधून चष्मा न काढता भाजीवाल्याचा काटा वाचता येतो. बदल्यात काय जातं? दोन्ही डोळ्यांनी मिळून जो खोलीचा अंदाज येतो, तो थोडा कमी होतो. रात्री गाडी चालवताना काहींना त्रास वाटतो. शिवाय लेझरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, आणि पाळी गेल्यानंतर ही कोरडेपणाची तक्रार आपल्या बायकांत आधीच जास्त असते.

या बेताचं एक फार चांगलं आहे. ब्लाउज जसा आधी कच्चा टाका घालून अंगावर पाहता येतो, तसा हा प्रकारही आधी घालून पाहता येतो! एका डोळ्यात जवळच्या नंबरची कॉन्टॅक्ट लेन्स घालायची आणि काही दिवस आपली रोजची कामं करायची. मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, “काकू, अवश्य पाहा. आठ दिवसांनी येऊन तुम्हीच मला सांगा.”

पहिल्या दिवशी जिना उतरताना पाय चाचपडत टाकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता वर्तमानपत्र बिनचष्म्यानं वाचलं, आणि काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. मशिनीवर सरळ शिवणही ठीक जमत होती. पण पाचव्या दिवशी मोतीकाम काढलं. सुईचं टोक मोत्याच्या भोकाशी न्यायचं आणि ते बाजूनं घसरायचं. पुन्हा न्यायचं, पुन्हा घसरायचं. तुम्हीही घरी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. जवळच्या कामात माझे दोन्ही डोळे जोडीनं चालतात, तेव्हाच हात नेमका पडतो. आठव्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, “वाचायला झकास आहे, पण माझ्या पोटापाण्याला नाही.” त्या म्हणाल्या, “मग उत्तर मिळालं.” माझ्या जागी शाळेतल्या बाई असत्या, दुकानात गल्ल्यावर बसणारी असती, तर तिचं उत्तर कदाचित ‘हो’ आलं असतं.

लेझरच्या बाबतीत आणखी एक सांगून ठेवते. लहानपणापासून ज्यांना लांबचा उणे नंबर आहे, त्यांना चाळिशीत एक वरदान असतं. त्या चष्मा काढून जवळचं वाचतात. चाळिशीच्या उंबरठ्यावर अशा एखादीनं दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर लेझरनं पुरता घालवला, तर रस्त्यावरच्या पाट्या लख्ख दिसतील, पण दोन-चार वर्षांत वाचायला चष्मा लागेल. मुलगी, भाची, सून कुणी असा विचार करत असेल तर तिला हे आधी सांगा.

दुसरा बेत कॉर्नियाच्या आत बारीकशी चकती बसवण्याचा. याची हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ‘रेनड्रॉप’ नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची मऊ चकती अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाली. टाचणीच्या डोक्याएवढी वस्तू, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि जवळचं दिसायला लागतं! पण पुढच्या पाठपुराव्यात तपासलेल्या १५० जणांपैकी ७५ टक्के लोकांच्या कॉर्नियावर धुरकटपणा आलेला आढळला. २०१८ साली तिथल्या सरकारी खात्यानं डॉक्टरांना ती वापरू नका असं कळवलं. नवीन ते सगळं वाईट असं मला म्हणायचं नाही. पण नव्या वस्तूचं कौतुक दोन वर्षांत होतं, आणि तिचा पक्का रंग कळायला चार-पाच धुणी जावी लागतात, हे आपल्याला साडीच्या दुकानात माहीत असतं, तर दवाखान्यातही आठवावं.

तिसरा बेत सर्वांत मोठा, भिंगच बदलण्याचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे तेच. गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचं. याचा शोधही कसा लागला पाहा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचघराचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. ते खास प्लॅस्टिकचे असत, आणि डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही असं लंडनच्या डॉ. हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. १९४९ साली सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी तशाच प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आज खेडोपाडी आजी-आजोबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात, त्यामागे ही कथा आहे.

आता या भिंगांचे ढोबळ तीन प्रकार ध्यानात ठेवा. पहिलं साधं भिंग. ते एकाच अंतरासाठी असतं. त्या अंतरावरचं अगदी स्वच्छ दिसतं, बाकीच्यासाठी चष्मा. दुसरं, ज्यात लांबचं आणि मधल्या अंतरावरचं बरं दिसतं, ओट्यावरचं, संगणकावरचं. पण अगदी बारीक अक्षराला किंवा सुईला चष्मा लागू शकतो. तिसरं, ज्याला ट्रायफोकल म्हणतात. त्याच्यावर बारीक बारीक वर्तुळं कोरलेली असतात आणि आलेला प्रकाश लांब, मध्ये आणि जवळ असा वाटला जातो. बिनचष्म्याचं राहण्याची शक्यता यात सर्वांत जास्त. पण प्रकाशच वाटला गेल्यामुळे फिकट रंगांतला भेद थोडा कमी जाणवतो, वाचायला उजेड चांगला लागतो, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात.

वाचूनच दमलात ना? मग माझ्या घरातल्या दोघींची हकिगत सांगते, म्हणजे पटकन समजेल.

माझी थोरली बहीण, आमची ताई, मिरजेला असते. वय सदुसष्ट. शाळेत असल्यापासून उणे तीनचा चष्मा. रोज सकाळी चष्मा काढून, पोथी हातभर अंतरावर धरून वाचायची, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, “आजी, लांबचं छान दिसेल असं भिंग बसवू, वाचायला तेवढा चष्मा लावा.” बहुतेकांना तसंच बसवतात. पण आमची ताई कसली ऐकते! म्हणाली, “लांबचं बघून मी काय करू, डॉक्टर? माझी पोथी जवळ, रांगोळी जवळ, भाजी चिरायची तीही जवळ. रस्त्यावर जाताना चष्मा लावते, ते मला जन्माचं सवयीचं आहे.” डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं की टीव्ही पाहायला, बाहेर पडायला चष्मा लागेलच. ताई म्हणाली, “लागू दे.” मग साधंच भिंग, पण जवळच्या अंतरासाठी बेतलेलं, असं दोन्ही डोळ्यांत बसवलं. आता ती पूर्वीसारखीच चष्मा काढून पोथी वाचते, आणि पूर्वीपेक्षा अक्षर काळंभोर दिसतं म्हणते. साधं भिंग जवळच्यासाठीही बसवून मागता येतं, हे कितीजणींना माहीत असतं सांगा बरं?

धाकट्या जाऊबाई ठाण्याला बँकेत. वय सत्तावन्न. समोर संगणक, हातात कागद, काउंटरपलीकडे माणूस, अशी दिवसभर नजरेची तीन अंतरांत ये-जा. तिलाही मोतीबिंदू निघाला. तिनं ट्रायफोकल भिंग घेतलं. त्याआधी डॉक्टरांनी तिचा आतला पडदा तपासला, डोळ्यातला दाब मोजला, कॉर्नियाचा नकाशा काढला. पडद्याचा विकार, काचबिंदूनं झालेलं नुकसान किंवा डोळ्यांचा फार कोरडेपणा असेल तर हे भिंग सहसा देत नाहीत. पहिले काही आठवडे फोनवर म्हणायची, “वहिनी, रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला कडं आहे बघा, दिवाळीच्या भुईचक्रासारखं!” तीन-चार महिन्यांत तिकडे लक्ष जाणं कमी झालं. कडी गेली नाहीत, मनानं ती सोडून दिली. ती लोकलनं ये-जा करते, रात्री गाडी चालवत नाही, त्यामुळे तिला ते चाललं. विम्यानं मोतीबिंदूची ठरावीक रक्कम दिली, भारी भिंगाचा फरक तिनं स्वतः भरला. ती खूश आहे, आणि मला तिच्या खुशीत काहीच खोट दिसत नाही.

म्हणजे पाहा, एकीनं साधं भिंग घेतलं, एकीनं भारी, आणि दोघींचंही बरोबर! कारण दोघींनी आपापला दिवस आधी पाहिला. आणखी एक गोष्ट दोघींत सारखी होती. दोघींना मोतीबिंदू होता. त्यांचं भिंग गढूळ झालंच होतं, ते निघणारच होतं.

माझं तसं नाही. माझं भिंग निबर झालंय, पण स्वच्छ आहे. ते काढायचं म्हणजे न गळणारं छप्पर उतरवून नवं घालण्यासारखं. कुणी म्हणेल, पुढे उतरवायचंच आहे तर आज का नको? मीही तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आज फार सुरक्षित झालंय, पण धोका शून्य नाही. क्वचित आत जंतुसंसर्ग होतो, आणि झाला तर नजरेवर बेततं. आतला पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे आणि वय तुलनेनं कमी आहे, त्यांना तो जास्त. काही वर्षांनी भिंगामागची पिशवी गढूळ होऊ शकते, ती लेझरनं साफ करावी लागते, ते मात्र सोपं काम. मोतीबिंदूनं अंधुक दिसत असताना हा धोका पत्करण्यात अर्थ असतो, कारण पलीकडे मोठा फायदा उभा असतो. स्वच्छ भिंगाच्या वेळी फायदा एवढाच की चष्मा सुटेल. तो ज्याचा त्यानं तोलायचा.

मी तोलला. ज्या बाईला चष्मा अगदीच सहन होत नाही, लांबचा अधिक नंबरही मोठा आहे, कामाला बारीक भेद फारसे लागत नाहीत, तिचा काटा ऑपरेशनकडे झुकू शकतो. माझा झुकला नाही. मला आकाशी आणि मोरपंखी दोऱ्यातला फरक संध्याकाळच्या उजेडात दिसायला हवा. मोत्याच्या भोकाशी सुई नेमकी जायला हवी. आणि शिवणीतलं एक तत्त्व माझ्या अंगात भिनलंय. टाका चुकला तर उसवता येतो, पण एकदा कात्री चालली की कापड पुन्हा सांधलं जात नाही. काढलेलं भिंग परत बसत नाही. मोतीबिंदू होईल तेव्हा होईल. तोवर भिंगांतही सुधारणा झाल्या असतील, आणि निवड माझ्या हातात शाबूत राहील. पुण्याच्या त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी गिऱ्हाइकांची मापं लिहिली!

थेंबांचंही विचारतात हल्ली. डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की बाहुली बारीक होते आणि काही तास जवळचं बरं दिसतं. कागदाला टाचणीनं भोक पाडून त्यातून बारीक अक्षरं पाहा, चष्म्याशिवाय वाचता येतील. तीच युक्ती इथे. पण बाहुली बारीक झाली की कमी उजेडात अंधार वाटतो, काहींचं डोकं दुखतं. अमेरिकेत असे थेंब २०२१ साली मंजूर झाले. आपल्याकडे २०२४ साली एका औषधाला परवानगी मिळाली आणि ‘चष्मा सुटेल’ अशा दाव्यांचा गाजावाजा झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं ती स्थगित केली. तेव्हा असे थेंब कुणी दिले तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. भिंग त्यांनीही मऊ होत नाही.

आणि त्या बिचाऱ्या चष्म्याला आपण उगीच खलनायक करतो हो! आसामच्या चहामळ्यांत एक पाहणी झाली, ती २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आली. चाळिशी उलटलेल्या ७५१ पानं खुडणाऱ्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला साधा, स्वस्तातला जवळचा चष्मा दिला, दुसऱ्याला नंतर द्यायचं ठरलं. चष्मा लावणाऱ्यांची रोजची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली! खुडलेल्या पानांच्या वजनावर ज्यांची मजुरी ठरते, त्यांच्यासाठी त्या चष्म्याची किंमत काय, ते आपल्याला सांगायला नको. मी ही बातमी वाचली त्या दिवशी साखळीला अडकवलेल्या चष्म्याकडे जरा आदरानं पाहिलं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातली मापाची टेप घ्या, आणि एक दिवस आपल्या कामांची अंतरं मोजा. डोळ्यापासून सुई किती, मोबाइल किती, ओट्यावरची कढई किती, टीव्ही किती. माझी मापं अशी निघाली. सुई बारा इंच, मशिनीची पट्टी अठरा इंच, कापायचं टेबल सव्वीस इंच. कागदावर लिहा, आणि कोणत्या अंतरावर दिवसाचे किती तास जातात तेही लिहा. मी हा कागद चष्मेवाल्याला दाखवला. त्यानं वाचायचा चष्मा सोळा इंचांच्या हिशेबानं करून ठेवला होता. त्याऐवजी मशिनीसाठी एक, मोतीकामासाठी एक असे दोन हलके चष्मे केले. कानामागे नीट बसणाऱ्या काड्या, नाकावर मऊ रबर. घसरणं थांबलं. ऑपरेशनचा विचार करणार असाल तर हाच कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि हे प्रश्न बिनधास्त विचारा. मला मोतीबिंदू आहे का, की भिंग स्वच्छ आहे? या ऑपरेशननंतर कोणत्या अंतरावर चष्मा लागू शकेल? रात्री काय फरक पडेल? माझ्या कॉर्नियाची, पडद्याची, कोरडेपणाची तपासणी झाली का? कॉन्टॅक्ट लेन्सनं आधी घालून पाहता येईल का? नाही मानवलं तर पुढे काय करता येतं, आणि काय करता येत नाही? विमा किती देईल? लक्षात ठेवा, नुसता चष्मा घालवण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा सहसा देत नाही. उत्तर द्यायला डॉक्टरांना वेळ नसेल, तर निर्णय घ्यायला तुम्हालाही घाई नाही.

ऑपरेशन करा न करा, चाळिशी आली की एकदा डोळे पुरते तपासून घ्या. फुटपाथवरचा तयार चष्मा वाचायला चालून जाईल, पण काचबिंदू त्याला दिसत नाही, मधुमेहानं आतल्या पडद्यावर झालेला परिणामही दिसत नाही. हे दोन्ही चोरपावलांनी येतात. आणि जाता जाता सुईवाल्या मैत्रिणींसाठी एक युक्ती. सुईच्या नेढ्यामागे पांढरा कागद धरा, दोऱ्याचं टोक तिरपं कापा, आणि दिवा मागून डाव्या खांद्यावरून येऊ द्या. डावखुऱ्या असाल तर उजव्या.